कोरियन शाळेच्या स्टाफरूमची पूर्वतयारी करून देणारा ऑनलाइन वर्ग: एक परीक्षण

दक्षिण कोरियातील शाळांत इंग्रजी शिकवायला जाणाऱ्यांसाठी आपल्याकडची एक खासगी प्रशिक्षण संस्था ऑनलाइन वर्ग चालवते. इंग्रजी कसे शिकवावे हा त्याचा विषय नाही. कोरियन शाळेत सहकाऱ्यांशी कसे वागावे, कोणाला काय बोलू नये आणि कोणाचे मन कशाने दुखावते, एवढ्यापुरताच तो मर्यादित आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण एका संस्थेला नावे ठेवण्यापेक्षा असा कोणताही वर्ग निवडताना काय पाहावे हे सांगणे वाचकांच्या अधिक उपयोगाचे आहे. वर्ग मी निघण्यापूर्वी पूर्ण केला होता. त्यानंतर दक्षिण ग्योंगसांग प्रांतातील एका सरकारी प्राथमिक शाळेत काम केले, आणि आता त्याच चित्रफिती पुन्हा पाहून हे परीक्षण लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. पहिल्या पंधरवड्यासाठी हा वर्ग चांगला आहे आणि उरलेल्या वर्षासाठी तोकडा आहे. किती वाकावे, वस्तू कोणत्या हाताने द्यावी, कोणाला कोणत्या पदनामाने हाक मारावी हे तो नीट शिकवतो. परंतु परदेशी माणसाकडून अशा गोष्टींत चूक झाली तर कोरियन शिक्षक ती हसून सोडून देतात. जे हसून सोडले जात नाही ते कामाच्या वाटपाशी, नोकरीच्या प्रकाराशी आणि सुट्टीशी जोडलेले असते, आणि त्याबद्दल या वर्गात जवळजवळ काहीच नाही.

वर्ग कोणासाठी आहे हे थोडक्यात सांगते. भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातील ‘सेपा’ हा व्यापक आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे आणि त्यात भारतीय नागरिकांसाठी सहायक इंग्रजी शिक्षकाची वाट ठेवलेली आहे. इंग्रजीची पदवी आणि शिक्षकाची अर्हता असेल तर त्या वाटेने ई-२ व्हिसा मिळू शकतो. एरवी इंग्रजीसाठीचा हा व्हिसा अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या पारपत्रधारकांपुरता आहे. त्यामुळे वर्गात इकडे बी.एड. झालेले शिक्षक असतात, तसेच न्यू जर्सीत किंवा टोरांटोत वाढलेली, घरी मराठी बोलणारी तरुण मुलेही असतात. कोरियाच्या शिक्षण मंत्रालयाचा ‘एपिक’ हा कार्यक्रम १९९५ पासून सरकारी शाळांसाठी परदेशी शिक्षक भरती करतो आणि निवड झालेल्यांना स्वतःचे प्रशिक्षणही देतो. मग पैसे मोजून दुसरा वर्ग कशाला करावा, या प्रश्नावर संस्थेचे उत्तर असे आहे की भारतातून येणाऱ्याच्या अडचणी निराळ्या असतात. हे उत्तर निम्मे खरे आहे, आणि ते जिथे खरे ठरते ते सत्र म्हणजे शाळेतील जेवणाचे.

या एकट्या सत्रासाठी फी भरावी इतके ते चांगले आहे. कोरियन शाळेत दुपारचे जेवण, म्हणजे गुप्शिक, शाळेच्या स्वयंपाकघरात होते. शिक्षक त्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला भरतात आणि सर्वांनी एकाच भोजनगृहात, कप्पे पाडलेल्या ताटात वाढून घेऊन जेवायचे असते. शाकाहारी माणसाला अडचण कुठे येते हे सांगताना बहुतेक मार्गदर्शक मांसापाशी थांबतात. या सत्रात मात्र महिन्याचा छापील आहारतक्ता पडद्यावर ठेवून, प्रत्येक पदार्थापुढे कंसात जे आकडे असतात ते वाचायला शिकवले आहे. हे आकडे ॲलर्जी करणाऱ्या घटकांचे असून ते एकूण १९ आहेत: १ म्हणजे अंडे, २ दूध, ५ सोयाबीन, ९ कोळंबी, १० डुकराचे मांस, १५ कोंबडी, १६ गोमांस, १७ माकुल, १८ शिंपल्यांचा वर्ग. कोरियन वाचता येत नसले तरी आकडे वाचता येतात, आणि आठवड्याचा तक्ता दोन मिनिटांत तपासून कोणत्या दिवशी डबा न्यावा हे ठरवता येते. त्यापुढची सूचना तर मला आणखी मोलाची वाटली. या १९ घटकांत बांगडा वर्गातील मासा आहे, पण मोतके किंवा मांदेलीसारखे जे छोटे सुके मासे उकळून कोरियन सारांचा मूळ रस काढतात ते नाहीत. म्हणून नुसत्या पालकाच्या किंवा टोफूच्या साराला कोणताही धोक्याचा आकडा नसला तरी ते शाकाहारी असेलच असे नाही. किमचीचेही तसेच आहे: खारवलेली कोळंबी घातली असेल तर ९ हा आकडा दिसतो, माशाचा आंबवलेला रस घातला असेल तर बहुधा काहीच दिसत नाही. कडक शाकाहारी माणसाने हे आधीच जाणून जाणे बरे. आता सोलच्या शिक्षण कार्यालयाने २०२१ मध्ये महिन्यातून दोनदा मांसाविना जेवण देण्याचा उपक्रम सुरू केला असला, तरी प्रांतातल्या लहान शाळेत त्यावर विसंबू नये.

या सत्रातच सहकाऱ्यांच्या मनाचा विचारही नेमका केलेला आहे, आणि हे संतुलन पुढच्या सत्रांत का टिकले नाही याचे आश्चर्य वाटते. प्राथमिक शाळेत वर्गशिक्षिका मुलांबरोबर बसून जेवते, कारण जेवण हाही तिच्या कामाचा भाग असतो आणि ताटात टाकू नये हे ती मुलांना रोज सांगत असते. त्याच टेबलापाशी परदेशी शिक्षिकेने अर्धे ताट भरलेले परत केले तर तिच्या सांगण्याला मुलांसमोर तडा जातो. म्हणून ‘खाता येत नाही ते वाढूनच घेऊ नये, वाढणाऱ्याला आधीच हात आडवा करून थांबवावे, आणि कारण आहारतज्ज्ञ शिक्षिकेला एकदाच, स्वतः जाऊन सांगावे’ ही वर्गातली सूचना अगदी रास्त आहे. स्वयंपाकघराची जबाबदारी असलेल्या त्या बाईंना परस्पर, दुसऱ्या कोणाकडून कळले की नव्या शिक्षिकेला इथले जेवण चालत नाही, तर ती त्यांच्या कामावरची टीका ठरते. समोर जाऊन सांगितल्यावर माझ्या शाळेतल्या बाई साराची एक वाटी मूळ रस घालण्याआधी बाजूला काढू लागल्या. असे सर्वत्र होईल असे मी म्हणत नाही, आणि अशी अपेक्षा धरणेही बरोबर नाही.

संबोधने आणि स्टाफरूमची मांडणी यांवरचे सत्र नीटनेटके आहे. ग्योमुसिल, म्हणजे मुख्य स्टाफरूम, ही उपमुख्याध्यापकांची जागा आहे. मुख्याध्यापकांची खोली वेगळी असते आणि रोजचा कारभार उपमुख्याध्यापक, म्हणजे ग्योगाम, पाहतात. नाव घेऊन कोणालाही हाक मारायची नाही, पदनामापुढे ‘सोन्सेंग्निम’ लावायचे, शाळेत बाहेरची पादत्राणे काढून आतली घालायची, शाळेच्या संगणकावरील अंतर्गत निरोपयंत्रणा दिवसातून अनेकदा पाहायची, लवकर जायचे असेल तर ‘नाइस’ या सरकारी प्रणालीत अर्ज टाकण्याआधी ग्योगामना तोंडी सांगायचे. ही सर्व माहिती अचूक आहे. वय का विचारतात, लग्न झाले का हे पहिल्याच दिवशी का विचारतात, याचे विवेचनही समंजस आहे. यावर मी अधिक लिहीत नाही, कारण ही माहिती फुकटातही मिळते.

खरी निराशा ह्वेशिक, म्हणजे सहकाऱ्यांच्या एकत्र जेवणाच्या, सत्राने केली. सत्र घेणारे गृहस्थ कोरियन कंपन्यांत काम केलेले असावेत असे त्यांच्या उदाहरणांवरून वाटते, कारण त्यांनी रंगवलेले चित्र पंधरा वर्षांपूर्वीच्या कारखान्यातल्या संध्याकाळचे आहे: साहेब पेला भरतात, नाही म्हणता येत नाही, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी मध्यरात्रीपर्यंत जावेच लागते. सरकारी शाळांत आता असे क्वचितच घडते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या छळाविरुद्धची तरतूद कोरियाच्या श्रमिक मानक कायद्यात १६ जुलै २०१९ पासून लागू झाली. वरच्याने खालच्यावर केलेल्या जुलमाला तिथे गाप्जिल म्हणतात आणि त्या शब्दाचा धाक आता मुख्याध्यापकांनाच अधिक असतो. करोनाकाळात एकत्र जेवणे थांबली ती अनेक शाळांत पूर्वीसारखी परतलीच नाहीत. आज ह्वेशिक बहुधा दुपारच्या जेवणाचा किंवा शाळा सुटल्यावर लगेच साडेचारच्या सुमारास निघून सातपर्यंत घरी पोहोचण्याचा प्रकार असतो, आणि पेल्यात सरबत घेतले तर कोणी वळूनही पाहत नाही. या सत्राने घाबरलेली आमच्या तुकडीतली एक मुलगी न पिण्याची कारणे पाठ करून गेली होती, ती वापरायची वेळच तिच्यावर आली नाही.

त्याऐवजी या सत्रात सांगायला हवे होते ते चिन्मोख्वेबद्दल आणि व्हॉलीबॉलबद्दल. चिन्मोख्वे म्हणजे शाळेतल्या कर्मचाऱ्यांचे स्नेहमंडळ. त्याची वर्गणी दरमहा पगारातून कापली जाते आणि त्यातून लग्न, मृत्यू, बदली या प्रसंगी पैसे दिले जातात. परदेशी शिक्षकाने सभासद व्हावे की नाही हे बहुधा त्याच्यावर सोडतात, आणि इथेच गोची होते: वर्गणी न भरता सहलीला किंवा जेवणाला गेले तर लोक काही बोलत नाहीत, पण हिशेब ठेवणाऱ्या शिक्षिकेच्या वहीत तो प्रश्न उरतो. माझा सल्ला असा की सभासद व्हावे किंवा प्रत्येक वेळी आपला वाटा विचारून द्यावा. व्हॉलीबॉलचे म्हणाल तर प्राथमिक शाळांत आठवड्यातल्या एका दुपारी, बहुधा बुधवारी, शिक्षकांचा सामना खेळण्याची जुनी प्रथा आहे. तिच्यावरून तरुण आणि ज्येष्ठ शिक्षकांत स्पष्ट तट पडलेले असतात. एका गटाला ती सक्ती वाटते, दुसऱ्याला शाळेतला उरलासुरला जिव्हाळा. नव्या परदेशी सहकाऱ्याने उत्साहाने ‘मला फार आवडेल, दर आठवड्याला खेळू’ असे म्हटले की ज्यांनी ती प्रथा नुकतीच बंद पाडलेली असते त्यांचे चेहरे उतरतात. अशी माहिती कुठल्याही पुस्तकात सापडत नाही आणि म्हणूनच ती पैसे घेणाऱ्या वर्गात हवी.

भेटवस्तूंवरचा भाग तोकडा नाही, चुकीचा आहे, आणि संस्थेने तो तातडीने बदलावा. ‘मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि आपली सहशिक्षिका यांच्यासाठी भारतातून एकेक चांगली भेटवस्तू न्यावी, पैठणीच्या कापडाची पर्स किंवा चांदीचा लहान दिवा शोभून दिसतो’ असे त्यात सांगितले आहे. कोरियात २८ सप्टेंबर २०१६ पासून लाचलुचपतविरोधी एक कडक कायदा लागू आहे आणि शाळांचे शिक्षक त्याच्या कक्षेत येतात. तो किती कडक आहे याची कल्पना यावी म्हणून सांगते: १५ मेच्या शिक्षकदिनी मुलांच्या प्रतिनिधीने सर्वांसमोर दिलेले कार्नेशनचे फूल चालते, पण एकेका विद्यार्थ्याने वर्गशिक्षिकेला दिलेला कॉफीचा डबा चालत नाही. जेवणावरील खर्चाची माणशी मर्यादा पूर्वी ३०,००० वॉन होती, ती ऑगस्ट २०२४ मध्ये ५०,००० झाली. परंतु ज्याच्या हाती आपले मूल्यमापन आहे त्याला काही देणे हा निराळाच विषय आहे. परदेशी शिक्षकाचा करार पुढे वाढवायचा की नाही याबद्दल मत देणारे हेच तिघे असतात. त्यांच्या हाती चांदीचा दिवा ठेवणे म्हणजे त्यांना ‘परत घ्या’ असे म्हणण्याच्या पेचात टाकणे, आणि तेही पहिल्याच दिवशी. त्यापेक्षा तिथली रूढ रीत सोपी आहे. बदलून आलेले शिक्षक तांदळाच्या पिठाचे त्तोक आणून सर्व खोल्यांत वाटतात. तसेच आपण पाकीटबंद चिक्की किंवा आंब्याची वडी स्टाफरूमच्या सामायिक टेबलावर ठेवावी आणि निरोपयंत्रणेवर दोन ओळी लिहाव्यात. एक मात्र पाहावे की तो खाऊ कार्यालयात, स्वयंपाकघरात आणि पहारेकऱ्यांच्या खोलीतही पोहोचेल, कारण वाटपात कोण राहिले हे तिथे बारकाईने पाहिले जाते.

वर्गात जे मुळीच नाही त्याची सुरुवात इथूनच होते. बाहेरून पाहणाऱ्याला शाळेतले सगळे ‘सोन्सेंग्निम’च असतात, पण त्या एका हाकेखाली अनेक पायऱ्या आहेत. इम्योंग ही अवघड भरती परीक्षा उत्तीर्ण झालेले कायम शिक्षक एका पायरीवर. त्यांच्यासारखेच वर्ग सांभाळणारे पण वर्षाच्या किंवा सहा महिन्यांच्या करारावरचे गिगांजे शिक्षक दुसऱ्या पायरीवर. क्रीडा, इंग्रजी संभाषण किंवा शाळेनंतरच्या वर्गांचे तासिका मार्गदर्शक तिसरीवर. आणि स्वयंपाकी, साहाय्यक, ग्रंथालयातले वगैरे गोंगमुजिक कर्मचारी आणखी वेगळे. एकाच स्वयंपाकघराची जबाबदारी एका शाळेत ‘आहार शिक्षिका’ पाहते आणि शेजारच्या शाळेत त्याच कामासाठी गोंगमुजिक दर्जाची आहारतज्ज्ञ असते, हे लक्षात आले की वर सांगितलेल्या भेटीत कोणती पदवी उच्चारावी याचा नाजूकपणाही लक्षात येतो. या पायऱ्या किती खोल आहेत याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण १६ एप्रिल २०१४ च्या सेवोल बोट दुर्घटनेचे आहे. दानवोन विद्यालयाच्या विद्यार्थ्यांबरोबर बुडालेल्या शिक्षकांपैकी दोन शिक्षिका कंत्राटी होत्या, म्हणून त्यांचा मृत्यू ‘सेवेत असताना’ झाला हे मान्य व्हायला २०१७ उजाडावे लागले. कोरियन स्टाफरूममध्ये कंत्राटी शिक्षिकेला ‘तुम्ही परीक्षा का दिली नाही?’ असे सहज विचारणाऱ्या नवख्याला हा संदर्भ ठाऊक असायला हवा.

या उतरंडीत परदेशी सहायकाची जागा चमत्कारिक आहे. कागदावर तो ‘सहायक’ आहे, वर्गाची जबाबदारी कोरियन शिक्षिकेचीच असते. पण त्याला शाळेकडून घर मिळते, आठवड्याला बावीस तासिकांची मर्यादा मिळते आणि पालकांचे दूरध्वनी घ्यावे लागत नाहीत. शेजारच्या टेबलावरची तरुण गिगांजे शिक्षिका भाड्याच्या एका खोलीत राहते, पुढच्या फेब्रुवारीत नोकरी असेल की नाही हे तिला माहीत नसते, आणि तिच्यासमोर आपण घरातल्या उष्ण पाण्याच्या नळाची तक्रार करत असतो. वर्गाच्या ‘काय बोलू नये’ या यादीत धर्म, राजकारण आणि जपान आहेत. घर आणि पगार नाहीत. माझ्या अनुभवात पहिल्या तिन्हींपेक्षा शेवटचे दोन विषय अधिक जपून बोलण्याचे आहेत.

त्याहून महत्त्वाचा विषय कामाच्या वाटपाचा आहे. कोरियन शाळेचे वर्ष मार्चच्या आरंभी सुरू होते आणि त्याआधी फेब्रुवारीत कोणाकडे कोणता वर्ग आणि कोणते कार्यालयीन काम येणार हे ठरते. सरकारी शाळेतले शिक्षक काही वर्षांनी बदलून जातात, जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या बदल्यांची धाकधूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या दिवसांतले वातावरण वेगळे सांगायला नको. कोणालाच नको असलेली कामे ठरलेली आहेत: विद्यार्थ्यांमधल्या मारहाणीच्या तक्रारी, सहावीचे वर्गशिक्षकपद, आणि परदेशी शिक्षकाची व्यवस्था. होय, आपण स्वतः त्या यादीतले एक काम असतो. आपले घर पाहणे, बँकेत खाते उघडून देणे, परदेशी नागरिक नोंदणीसाठी कार्यालयात नेणे, गॅस बंद पडला तर दूरध्वनी करणे, आपल्या रजेची कागदपत्रे कोरियनमध्ये भरणे, हे सर्व कोणा एका शिक्षिकेच्या वाट्याला आलेले असते, आणि बहुतेक वेळा ती शाळेत सर्वांत नवी असल्यामुळे आलेले असते. वसंत ऋतूतील तुकडी फेब्रुवारीच्या अखेरीस शाळेत पोहोचते तेव्हा हे वाटप नुकतेच होऊन त्याची कुरबुर ताजी असते. ऑगस्टच्या अखेरीस येणारी तुकडी तर मध्येच उपटते. सहशिक्षिका पहिल्या आठवड्यात थंडपणे वागली की वर्गातल्या शिकवणीप्रमाणे आपण कमी वाकलो की काय असे माणसाला वाटते. खरे कारण एवढेच असते की तिला स्वतःच्या वर्गाच्या तयारीतून वेळ काढून आपल्यासाठी गादी विकत घ्यायला जायचे असते.

यावर काय करावे हेही सांगता येण्यासारखे आहे आणि वर्गाने ते सांगायला हवे होते. छोट्या छोट्या मागण्या दिवसभर न करता एकत्र करून दिवसातून एकदा, निरोपयंत्रणेवर लिहून पाठवाव्यात, म्हणजे तिला सोयीच्या वेळी त्या पाहता येतात. भाषांतराचे ॲप वापरून स्वतः करण्याजोग्या गोष्टी स्वतः कराव्यात. आणि ती पुढल्या वर्षी ते काम सोडणार असेल तर तो आपल्याला दिलेला नकार समजू नये. प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवणारी विषयशिक्षिका, म्हणजे जोन्दाम, दरवर्षी बदलू शकते. ती जागा इंग्रजीच्या आवडीने घेतलेली असते असेही नाही: वर्गशिक्षकपदाचा भार नको म्हणून, बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर, निवृत्ती जवळ आली म्हणून अशा अनेक कारणांनी ती मागितली जाते. हे समजल्यावर सहशिक्षिकेच्या इंग्रजीकडे पाहण्याची आपली नजर मऊ होते.

सहअध्यापनाचे सत्र या बाबतीत वर्गाची बाजू थोडी सावरते. सहशिक्षिकेच्या इंग्रजीतली चूक मुलांसमोर दुरुस्त करू नये, एवढे तर कोणीही सांगेल. पण तिने मुद्दाम विचारले तर काय करावे, पाठ्यपुस्तकातच चूक असेल तर ती कशी मांडावी, पालकांसाठी खुल्या ठेवलेल्या पाठात सूत्रे कोणाच्या हाती असावीत, या तिन्ही प्रसंगांची प्रात्यक्षिके सत्रात करून दाखवली आहेत आणि ती खरीखुरी वाटतात. ‘आपण दोघी मिळून आधी एकदा वाचून पाहू या का’ हे पाठाच्या आदल्या दिवशीचे वाक्य मी तिथून उचलले आणि वर्षभर वापरले.

एक उणीव मात्र गंभीर आहे. वर्गाच्या चित्रफितींत २०२३ नंतरच्या बदलांचा मागमूस नाही. १८ जुलै २०२३ रोजी सोलच्या सोई प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गाच्या एका तरुण शिक्षिकेचा शाळेतच मृत्यू झाला. नोकरीचे तिचे दुसरेच वर्ष होते. त्यानंतर पालकांच्या तक्रारींच्या जाचाविरुद्ध देशभरातले शिक्षक आठवड्यामागून आठवडे रस्त्यावर उतरले, ४ सप्टेंबरला हजारोंनी रजा टाकून शोक पाळला, आणि २१ सप्टेंबरला शिक्षकांच्या संरक्षणासाठी चार कायद्यांत दुरुस्त्या संमत झाल्या. शिक्षकाने केलेले रास्त मार्गदर्शन बालछळ मानले जाऊ नये, ही त्यांतली मुख्य तरतूद. आज कोणत्याही कोरियन स्टाफरूममध्ये याची सावली आहे. मुलाच्या हाताला धरून त्याला जागेवर बसवणे, त्याचे छायाचित्र आपल्या खात्यावर टाकणे, गमतीने टोपणनाव ठेवणे अशा गोष्टी परदेशी शिक्षकाला निरुपद्रवी वाटतात, पण पालकाची तक्रार आली तर तिला उत्तर द्यावे लागते ते वर्गशिक्षिकेला. आपल्या एखाद्या सहज कृतीवर वर्गशिक्षिका एकदम ताठ का होते हे या घटनांशिवाय कळत नाही. जुन्या चित्रफितीत ‘कोरियन शिक्षकांना समाजात फार मान असतो’ एवढे एकच वाक्य आहे, आणि ते आजच्या शिक्षकांसमोर उच्चारणे म्हणजे त्यांच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणे आहे.

सुट्टीचा प्रश्नही राहून गेला आहे. उन्हाळी आणि हिवाळी सुट्टीत कोरियन शिक्षक शैक्षणिक लोकसेवक कायद्याच्या कलम ४१ नुसार शाळेबाहेर राहून प्रशिक्षण घेऊ शकतात, म्हणजे प्रत्यक्षात बहुतेक दिवस शाळेत येत नाहीत. सहायकाच्या करारात ही सवलत नसते, म्हणून ठरलेली रजा संपली की तो रिकाम्या स्टाफरूममध्ये येऊन बसतो. याबद्दल कुरकुरणे परदेशी शिक्षकांत फार चालते. ज्या ग्योगामसमोर आणि कार्यालयातील लोकांसमोर ते चालते ते स्वतः त्या दिवसांत कामावरच असतात. आणि स्वयंपाकघरातील अनेकींना सुट्टीत काम नसते तसा मूळ पगारही नसतो, त्यामुळे बसून पगार मिळण्याची तक्रार त्यांच्या कानी न गेलेलीच बरी. स्वयंपाकघरातील कर्मचाऱ्यांच्या संपाच्या दिवशी मुलांना पाव आणि रस वाटला जातो तेव्हाही परदेशी शिक्षकाने कोणत्याही बाजूने शेरा मारू नये, कारण स्टाफरूममध्ये त्या दिवशी दोन्ही बाजूंची माणसे बसलेली असतात. शिक्षक संघटनांचेही तेच. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या चोनग्योजो या संघटनेपायी सुमारे १,५०० शिक्षकांनी नोकऱ्या गमावल्या, १९९९ मध्ये तिला कायदेशीर मान्यता मिळाली, २०१३ मध्ये ती काढून घेतली गेली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. तुमच्या शाळेतले पन्नाशीचे शांत गृहस्थ या इतिहासाच्या कोणत्या बाजूला होते हे तुम्हाला माहीत नसते, आणि त्यांनी स्वतः सांगेपर्यंत विचारण्याचे कारणही नसते.

तांत्रिक बाजू ठीक आहे. चित्रफितींचा आवाज स्पष्ट आहे, शिकवणे हिंदी-इंग्रजी मिश्रित असले तरी टिपणे सोप्या इंग्रजीत आहेत, आणि प्रश्न विचारल्यावर उत्तर येते, जरा उशिरा. फी अवास्तव नाही. तरीही ज्यांची निवड एपिकमार्फत झाली आहे आणि ज्यांना आहाराची अडचण नाही, त्यांनी हा वर्ग न केला तरी चालेल. शाकाहारी असाल, किंवा थेट एखाद्या खासगी शाळेत जाणार असाल आणि तिथे कोणतेही प्रशिक्षण मिळणार नसेल, तर जेवण, संबोधने आणि सहअध्यापन या तीन सत्रांसाठी तो घ्यावा. संस्था मागितल्यास सत्रे सुटी देते, मात्र संकेतस्थळावर तसे लिहिलेले नाही. ईमेल करून विचारावे लागते, आणि त्याच ईमेलमध्ये प्रत्येक चित्रफीत कोणत्या वर्षी तयार झाली हेही विचारून घ्यावे.